नाव जुळत नाही : माझ्या किडनी बायोप्सीची हकिगत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि दाराशी एक बाक. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं. लोकांचे कागद एकमेकांशी जुळवून देणं हा माझा धंदा. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगावच्या दवाखान्यात बसल्या बसल्या मी मोबाइलवर किडनीच्या बायोप्सीबद्दल मराठीत शोधत होते. निम्मं सापडलं ते अंगावर काटा आणणारं, निम्म्या काढ्यांच्या जाहिराती. बाई, मी गेले, असं असं झालं, एवढे पैसे लागले, अशी साधी हकिगत मला एकही मिळाली नाही. आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन दिवस केंद्र बंद आहे, तर तीच लिहून काढते.

सुरुवात जुलै २०२४ पासून धरावी लागेल. १ जुलैला लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि त्याच महिन्यात पीक विमाही होता. दिवसभर दाराशी बायांची रांग, आणि रात्री इंटरनेट जरा मोकळं चालतं म्हणून राहिलेले अर्ज रात्री. साडेबारा-एक रोजचेच. पाठ आणि मान अशी धरली की बाजूला बघायचं तर अख्खी खुर्ची वळवायची. शेजारच्या मेडिकलमधून गोळी आणली, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. पोटात जळजळ नको म्हणून सोबत पँटोप्राझोल. आधी दिवसाला एक, मग सकाळ-संध्याकाळ, महिना संपेपर्यंत दुपारचीही. ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिना आणि गोळ्यांची पाकिटं शेजारी शेजारी. गोळी ही औषध आहे असं मनात आलंच नाही. चहासारखीच ती झाली होती.

११ ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरी कानबाई होती, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. आदल्या दिवसापासून मला अन्नाचा वास नको झाला होता. अंगात बारीक कणकण, तोंडाला चव नाही, आणि रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदकीतच खायचे आणि उरवायचे नाहीत, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. मला पहिल्याच घासाला उमळून आलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘रोट खाई ले, मंग पाहू.’’ खाल्ला आणि मागच्या दारी जाऊन ओकले.

१४ तारखेला गावातल्या डॉक्टरांकडे गेले. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.४ निघालं. बायकांचं साधारण एकच्या आत असायला हवं. लघवीत पांढऱ्या पेशी १५ ते २०, म्हणजे ‘पस सेल्स’. युरीन इन्फेक्शन समजून पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं आणि कल्चरला नमुना गेला. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘दुसरं काही औषध चालू आहे का?’’ मी म्हणाले, नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही. बीपी, शुगर, थायरॉइड यांची औषधं असतात, दुखण्याची गोळी त्यात कशाला मोजायची? शिवाय त्याही पाच दिवसांत मी ती घेतच होते, कारण मान दुखतच होती.

१९ ऑगस्टला राखीपौर्णिमा. भाऊ आला होता. दुपारी रिपोर्ट आले. कल्चरमध्ये जंतू वाढलाच नाही, आणि क्रिएटिनिन ४.६. डॉक्टरांनी स्वतः फोन करून दुसऱ्या दिवशीची जळगावची वेळ घेऊन दिली. तिथे किडनीचे डॉक्टर आहेत, उशीर करू नका म्हणाले. भावाने आणलेली साडी घडीसुद्धा न मोडता कपाटात गेली.

२० तारखेला सकाळच्या गाडीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट, एवढाच काय तो त्या दिवसाचा फायदा. तापीचा पूल आला तेव्हा ‘ह्यांनी’ खिडकीतून एक रुपया नदीत टाकला. एरवी हा माणूस देवळाच्या पायरीवरही उभा राहत नाही. ते पाहूनच मला खरी भीती वाटली.

दवाखान्यात आमचा नंबर ३७. तपासणीचे ७०० रुपये. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि पहिला प्रश्न तोच, काय काय गोळ्या चालू आहेत? मी पुन्हा नाही म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘ताई, पर्समध्ये आहेत त्या सगळ्या टेबलावर काढा.’’ काढल्या. दुखण्याचं एक अर्धं पाकीट, पँटोप्राझोलचं एक, आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचं रिकामं. त्यांनी तिन्ही पाकिटांची नावं उतरवून घेतली आणि तारखा विचारल्या. किती दिवस, दिवसाला किती, शेवटची केव्हा. शेवटची मी त्याच सकाळी एसटीत घेतली होती. तुम्ही कुठल्याही किडनीवाल्या डॉक्टरांकडे जाणार असाल तर हे घरीच करून ठेवा. मागच्या तीन महिन्यांतली सगळी पाकिटं, आयुर्वेदिक पुड्यांसकट, एका पिशवीत भरून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

सोनोग्राफीचे १,२०० लागले. दोन्ही किडन्या साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्याच मापाच्या. डॉक्टरांचा चेहरा तिथे पहिल्यांदा जरा सैल झाला. जुनाट बिघाड असेल तर किडनी बहुतेक वेळा आक्रसते, तुमची आक्रसलेली नाही, म्हणजे हे ताजं असावं, म्हणाले. लघवीत पांढऱ्या पेशी आहेत पण जंतू नाही. मग त्या पेशी तिथे काय करतायत, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर रक्तातून मिळत नाही. किडनीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

बायोप्सी म्हटल्यावर घरात जे झालं ते सांगायलाच नको. मावससासूंचा फोन आला, ‘‘सुई टोची तं किडनी फुटी जाई.’’ दिराने कुणा मित्राच्या काकांचा किस्सा सांगितला. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, तेच इथे लिहिते. रक्तस्राव हा खरा धोका. थोडं रक्त लघवीतून बऱ्याच जणांना जातं आणि आपोआप थांबतं. रक्त भरावं लागेल इतका स्राव क्वचित, आणि किडनी गमवावी लागणं फारच विरळ. म्हणूनच आधी रक्त गोठण्याची चाचणी आणि प्लेटलेट बघतात, बीपी आटोक्यात आणतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टर आधी काही दिवस ती थांबवतात.

आता कागदांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं टेबल दवाखान्यात तळमजल्यावरच होतं. आमचं केशरी कार्ड. आरोग्यमित्र म्हणून एक तरुण मुलगा बसला होता. त्याने कार्डावरचा बारा अंकी नंबर टाकला, आधार मागितलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘‘ताई, नाव जुळत नाही.’’

हे वाक्य मी वीस वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल! माझं माहेरचं नाव रेखा, लग्नात वैशाली ठेवलं. रेशनकार्डात वैशाली, आधारवर रेखा. रोज दुसऱ्यांची ही भानगड निस्तरणारी मी, स्वतःचं कार्ड २००४ पासून तसंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या मुलाची काही चूक नव्हती. नाव एकच आहे हे मशीनला कळेल असा कागद हवा, आणि तो माझ्याकडे नव्हता. लग्नाचा नोंदणी दाखलाही आम्ही कधी काढलेला नाही.

वाट बघायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुमच्याकडे दिवस आहेत, महिने नाहीत. बचत गटातून २०,००० उचलले, शेकडा एक टक्का महिना व्याज, बाकीचे दिराने दिले. २२ तारखेला, गुरुवारी, भरती झाले.

बायोप्सी २३ ला सकाळी अकराला. त्या दिवशी क्रिएटिनिन ५.१ होतं आणि पोटॅशियम ५.४. पालथं झोपवलं, पोटाखाली गुंडाळलेली चादर. ही पालथं झोपवायची पद्धत शिकागोच्या डॉक्टरांनी १९५४ साली सुचवली, असं मी नंतर वाचलं. त्याआधी १९५१ मध्ये कोपनहेगनला इव्हरसन आणि ब्रून यांनी सुईने किडनीचे तुकडे काढले ते रोग्याला बसवून. बसून कसं जमलं असेल देव जाणे, मला पडल्या पडल्या घाम फुटला होता. पाठीवर गार जेल, सोनोग्राफीचा दांडा फिरला, डाव्या बाजूला पेनाने खूण. भुलीची सुई लाल मुंगी चावावी तशी, आणि मग ती जागा माझी राहिलीच नाही. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते, म्हणून श्वास धरायला लावतात. ‘‘घ्या... धरा... हलू नका.’’ आणि टक्. माझ्या टेबलावर जाड गठ्ठ्यांसाठी मोठा स्टेपलर आहे, अगदी त्याचा आवाज. दुखलं नाही, आतून कुणी टिचकी मारल्यासारखं वाटलं. असं दोनदा, मग पुरेसं आलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

मी मान तिरकी करून बघायचा हट्ट केला. सिस्टरने बशी पुढे धरली. पाण्यात तीन धागे, शेवईच्या तुकड्याएवढे, जेमतेम दीड-दीड सेंटिमीटर, एक टोक लालसर. एका बाटलीत फॉर्मेलिन, दुसरीत वेगळं द्रावण, कारण त्यावर दुसरी तपासणी होते. दोन्हींवर माझं नाव. तेवढ्यातही मी वाकून पाहिलं, आधारवरचंच लिहिलंय ना!

त्यानंतर चोवीस तास उताणं पडून राहायचं. बायोप्सीतला खरा त्रास हाच. उशी पातळ, कूस वळायची नाही, लघवी भांड्यात. दर वेळच्या लघवीतली थोडी पारदर्शक बाटलीत भरून वेळ लिहून खिडकीत ठेवत होते. पहिली गुलाबी सरबतासारखी. दुसरी फिकट. चौथी पिवळी धमक. रात्री नऊला त्या पाच बाटल्या ओळीने उजेडात बघून सिस्टर म्हणाली, झालं, आता जेवा. जाण्याआधी एक दिवस घरीच पडल्या पडल्या भांड्यात लघवी करायची सवय करून बघा. हसू नका, ऐन वेळी होत नाही आणि मग नळी घालतात.

नमुना कुरियरने मुंबईला गेला. शनिवारी, २४ ला संध्याकाळी तिथून फोनवर पहिला अंदाज आला, आणि पूर्ण रिपोर्ट २८ ला. अ‍ॅक्यूट इंटरस्टिशियल नेफ्रायटिस. मी डॉक्टरांना म्हणाले, याचं मराठी सांगा.

त्यांनी रिपोर्टमधला रंगीत फोटो पुढे केला. किडनीत प्रत्येकी दहाएक लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब नळी. दिवसभरात साधारण १८० लिटर गाळलं जातं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं या नळ्या परत रक्तात ओढून घेतात. उरतं ते दीड-दोन लिटर. फोटोत नळ्यांचे आडवे छेद गुलाबी वर्तुळांसारखे दिसतात. निरोगी किडनीत ही वर्तुळं पाठीला पाठ लावून बसलेली असतात. माझ्या फोटोत ती एकमेकांपासून लांब सरकलेली, आणि मधल्या जागेत जांभळे ठिपके, ताटात तीळ सांडावेत तसे. काही ठिपके तर वर्तुळाच्या भिंतीत घुसलेले. गाळण्या मात्र शाबूत, तुकड्यात आलेल्या बावीसच्या बावीस. म्हणूनच क्रिएटिनिन चढत असतानाही मला लघवी भरपूर होत होती. बिघाड गाळण्यांत नव्हता. पाणी परत ओढणाऱ्या नळ्या बेजार झाल्या होत्या, तेच मला रात्री उठवत होतं.

‘‘हे तीळ म्हणजे जंतू?’’ मी विचारलं.

‘‘नाही ताई. तुमच्याच पेशी. पांढऱ्या.’’

हे मला पचायला दिवस लागले. इतके दिवस मी काहीतरी बाहेरचं शोधत होते, खडा, जंतू, विष. डॉक्टरांनी कागदाच्या मागे चित्र काढून समजावलं, ते मी मला कळलं तसं सांगते. नळ्यांच्या मधल्या जागेत पहाऱ्याच्या काही पेशी कायम वस्तीला असतात. त्या आजूबाजूचे तुकडे उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका जातीला, दाखवतात, की हे बघा, आपलं आहे का? एरवी आपलंच असतं, फाइल बंद. पण काही औषधांचा अंश किडनीतल्या आपल्याच प्रथिनाला चिकटून बसतो. निम्मं आपलं, निम्मं औषध. टी पेशीसमोर तो तुकडा येतो आणि तिला ते नाव जुळत नाही.

इथे मला तो आरोग्यमित्र आठवला. माणूस तोच, नाव अर्धं वेगळं, आणि मशीन म्हणतं ही बाई यादीत नाही. फरक इतकाच की त्याने मला नम्रपणे परत पाठवलं. टी पेशी तशी परत पाठवत नाही. ती रसायनं सोडते आणि कुमक बोलावते. मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, येतात, इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात, पाणी झिरपून मधली जागा सुजते, नळ्या चेपतात. लघवीत सापडलेल्या पांढऱ्या पेशी या गर्दीतल्या. त्यांना जंतूची गरजच नव्हती.

मी विचारलं, मी जास्त गोळ्या खाल्ल्या म्हणून का? ते म्हणाले, दुखण्याच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात, तो मार्ग वेगळा, त्यात किती खाल्ल्या याला महत्त्व आहे. पण तुमच्या फोटोत दिसतंय ते अ‍ॅलर्जीच्या जातीचं. ते हजारो लोकांना होत नाही आणि एखाद्याला थोड्या गोळ्यांतही होतं. तिन्हींतली नेमकी कुठली गोळी, हे सांगता येत नाही. दुखण्याची, अ‍ॅसिडिटीची, अँटिबायोटिक, तिन्ही जाती या आजाराच्या यादीत ठळक आहेत. माझं क्रिएटिनिन अँटिबायोटिकच्या आधीच चढलेलं होतं, म्हणून संशय पहिल्या दोघींवर जास्त. ताप, पुरळ आणि रक्तात इओसिनोफिल, अशी तिन्ही लक्षणं पुस्तकात असतात. ती एकत्र फार थोड्यांत दिसतात, मला पुरळ नव्हतीच.

रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती. फायब्रोसिस, सुमारे १० टक्के. म्हणजे व्रण. ही दुरुस्तीचीच दुसरी बाजू. आधी आलेले मॅक्रोफेज तोडफोडीचे, पुढे त्यांच्यातलेच काही स्वभाव पालटून साफसफाई आणि डागडुजीला लागतात. टी पेशींतही एक जात असते, जी बाकीच्यांना आता बस म्हणते. पण भांडण लांबलं तर डागडुजीही थांबत नाही, नळ्यांच्या जागी नुसते धागे विणले जातात, आणि त्या जागेतून पुन्हा नळी उगवत नाही. ही विणकाम-मंडळी आठवड्याभरातच कामाला लागू शकतात, म्हणून डॉक्टरांची घाई.

२४ ला रात्रीच स्टेरॉईड सुरू झालं होतं. प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम, माझं वजन तेव्हा ५४ किलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. पोट सांभाळायला एरवी पँटोप्राझोल देतात, पण तीच संशयित, म्हणून फॅमोटिडिन दिलं. एवढ्या खर्चात सगळ्यांत स्वस्त वस्तू कुठली निघाली तर ही स्टेरॉईडची गोळी. मात्र स्वतःच्या मनाने ती घ्यायचीही नाही आणि सोडायचीही नाही. अचानक बंद केली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड लगेच जागं होत नाही.

डायलिसिसची वेळ आली नाही. २८ ला ४.२, ४ सप्टेंबरला २.९. त्या दिवशी रिपोर्ट घेऊन आम्ही बसस्टँडवर शेवभाजी खाल्ली. मी रस्सा सोडून नुसती शेव.

पथ्याचं सांगते. पोटॅशियम वाढलेलं म्हणून पहिले तीन आठवडे केळी बंद. केळीच्या मुलखात केळी बंद! भेटायला येणारा प्रत्येक माणूस फणी घेऊन यायचा. बाकावर रांगेत बसलेल्यांना वाटून टाकायची. नारळपाणीही नको, हे बहुतेकांना माहीत नसतं, आजाऱ्याला म्हणून हमखास तेच आणतात.

स्टेरॉईडने झोप उडवली. रात्री अडीचला टक्क डोळे उघडे, पोटात वणवा, शिळी भाकरीसुद्धा गोड लागायची. पोरगी बारावीला, तिचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसायचे आणि मोबाइलवर पुढचं वाचायचे. मेच्निकॉव्हने १८८२ साली इटलीत मेसिनाला ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसला, आणि सकाळी बघतो तर काट्याभोवती भटक्या पेशी जमलेल्या. गिळणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून आली आणि १९०८ चं नोबेल एर्लिखबरोबर त्याला मिळालं. आणि माझा आजार गोळ्यांच्या जमान्यातला नाहीच मुळी. १८९८ मध्ये कौन्सिलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने घटसर्प आणि स्कार्लेट फीवरने दगावलेल्यांच्या किडन्यांत हीच गर्दी पाहिली होती, आणि तिथे जंतू सापडत नव्हते. रात्री तीनला खाटेवर बसून हे वाचताना मला त्या दगावलेल्या मुलांचं फार वाटलं. त्यांच्यासाठी कुणाकडे प्रेडनिसोलोन नव्हतं.

एक घाबरगुंडी वाचवते. १८ सप्टेंबरला क्रिएटिनिन १.९, पण पांढऱ्या पेशी १४,२००. आता इन्फेक्शन झालं म्हणून मी रडकुंडीला आले. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉईडने रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल, त्याही पांढऱ्या पेशीच, सुटून प्रवाहात येतात, म्हणून आकडा फुगतो. ताप नाही, खोकला नाही, मग ठीक. तरी ताप आला तर वाट बघायची नाही, हेही सांगितलं. गणपतीत गर्दीत गेले नाही, केंद्रात मास्क. चेहरा भरला तसं लोक म्हणू लागले, ताई, तब्येत छान सुधारली. तब्येत नव्हती ती, सूज होती. साखरही जेवणानंतर १९० पर्यंत गेली होती, गोळी उतरली तशी उतरली.

दोन आठवडे ५०, मग दर आठवड्याला थोडी कमी. मी कॅलेंडरवर आकडे लिहून खोडत गेले, कारण ४० च्या दिवशी ५० घेणं सोपं असतं. २६ ऑक्टोबरला, दिवाळीआधीच्या शनिवारी, शेवटची पाच मिलिग्रॅमची.

मधल्या काळात रेशनकार्ड उरकलं. तुमचंही नाव असं दोन ठिकाणी दोन असेल तर आधारला हात लावू नका, रेशनकार्ड आधारप्रमाणे करून घ्या. बँक, पॅन, गॅस सगळं आधारला बांधलेलं असतं, ते हललं की सगळं हलतं. मी नावदुरुस्तीचा अर्ज, आधारची प्रत, नवऱ्याचं संमतिपत्र आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र असा गठ्ठा दिला. चार चकरा आणि ३४ दिवस लागले. बायोप्सीला उपयोग झाला नाही, पण पुढे घरात कुणाला लागलंच तर कागद तयार आहे. दोन्ही बाजूंचा स्कॅन सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवलाय.

पैशांचा हिशोब. भरती आणि बायोप्सी मिळून १४,५००, मुंबईची तपासणी ७,५००, सोनोग्राफी धरून फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या तपासण्या १३,०००च्या आसपास, औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या, गाडीभाडं. एकूण ४७,००० च्या घरात. बचत गटाचे मार्चमध्ये फिटले. दिराचे अजून चालू आहेत.

१६ ऑक्टोबरला १.५, नोव्हेंबरअखेर १.३, १२ फेब्रुवारीला १.२. तिथेच थांबलंय. गोळ्यांच्या आधी, बचत गटाच्या तपासणी शिबिरात ते ०.८ होतं, तो कागद मी मुद्दाम शोधून काढला. डॉक्टरांना विचारलं, उरलेलं कधी उतरेल? त्यांनी फोटोतल्या त्या १० टक्क्यांवर पेन टेकवलं. ‘‘तेवढं व्रणाचं.’’ आता दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि बीपी. फाइलवर त्यांनी लाल शाईने तिन्ही औषधांची नावं लिहिलीत, त्याची छोटी प्रत लॅमिनेशन करून पर्समध्ये आहे. मशीन माझंच, लॅमिनेशनचे पैसे पडले नाहीत. एक प्रत शेजारच्या मेडिकलवाल्यालाही दिली, त्याने ती काउंटरच्या काचेखाली लावलीय.

मान अजून धरतेच. स्क्रीन आता दोन विटांवर चढवलाय, म्हणजे खाली वाकावं लागत नाही. तिसरी वीट घरी आहे. रात्री सासूबाई ती चुलीत तापवतात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या मानेखाली सरकवतात, आणि गार झाली का म्हणून दर दहा मिनिटांनी हात लावून बघतात.